झाल्यात जमा

"झाल्यात जमा" हा शब्दप्रयोग ज्याने कोणी काढला, तो नक्की आमच्या टीममध्ये असणार. झालेलं नाही, पण झालं असं धरून चाला, आणि धरून चालायची जबाबदारी तुमची. एवढा मोठा करार दोन शब्दांत बसवायला मराठीच हवी.

रोज सकाळी साडेदहाला हिंजवडीतल्या एका काचेच्या खोलीत मी सात जणांना विचारते, "कुठवर आलंय?" ही मीटिंग पंधरा मिनिटांत संपावी असं शास्त्र आहे. उभं राहून घ्यायची, म्हणजे पाय दुखून लोक थोडक्यात बोलतात, असाही एक समज आहे. हा समज ज्यांचा, त्यांनी भूमकर चौकात दीड तास क्लच दाबून आलेली माणसं पाहिलेली नाहीत. आमची मुलं भिंतीला टेकून चाळीस मिनिटं आरामात काढतात.

शाळेत बाईंनी कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं होतं. आमच्या मीटिंगमध्ये त्यातलं फक्त क्रियापद हजर असतं. "होऊन जाईल." "बघितलं जातंय." "टेस्टिंगला टाकलंय." कोण बघतंय? कोणी टाकलंय? कर्ता शोधावा तर तो त्या दिवशी वर्क फ्रॉम होमवर असतो.

त्यातून एखाद्याने वेळ सांगितलीच तर ती असते 'ईओडी'. दिवस संपेपर्यंत. आता दिवस कोणाचा, हे कोणी विचारलेलं नसतं. आमचा क्लायंट न्यू जर्सीत. त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले पहाटेचे अडीच, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेतीन. ही फट आमच्या डेटाबेसवाल्याने पहिल्याच महिन्यात हेरली. रात्री अकराला मेसेज केला की तो शांतपणे लिहितो, "मॅम, ईओडीला अजून वेळ आहे."

शब्दांवरचा विश्वास उडाला तेव्हा मी आकड्यांकडे वळले. एक्सेल शीट केली. प्रत्येक कामासमोर टक्के भरायचे. वाटलं, आकडा खोटं बोलणार नाही. लॉगिनच्या साध्या पानासमोर सोमवारी 80 आले, मंगळवारी 85, बुधवारी 90. गुरुवारी 90. शुक्रवारी 90. पुढच्या सोमवारी 95, आणि मंगळवारी एकदम 60. "काम मागे कसं गेलं?" म्हटल्यावर फ्रंटएंडवाली म्हणाली, "काम मागे नाही गेलं मॅम, काम काय आहे ते कळलं."

मला वाटायचं हा आपल्याच मातीचा गुण. पण नाही. आयबीएममध्ये सिस्टिम/360 या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम करून घेताना पोळलेल्या फ्रेड ब्रुक्सने 1975 मध्येच लिहून ठेवलंय, की कोडिंगला लागणाऱ्या एकूण वेळातला अर्धा वेळ ते 'नव्वद टक्के झालेलं' असतं. बेल लॅब्सच्या टॉम कारगिलचा नियम तर भिंतीवर लावावा असा: पहिल्या नव्वद टक्के कोडला नव्वद टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना उरलेला नव्वद टक्के. बेरीज एकशेऐंशी होते. आमच्या प्रोजेक्टची तारीख काढताना मी हल्ली तीच बेरीज वापरते, फक्त वर सांगत नाही.

वर सांगायला रंग असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जरा बघा, लाल म्हणजे बोंबला. लाल दाखवला की वरचे लोक रोज दोन मीटिंगा लावतात, 'अडचण का आली' यावर स्लाइडा मागतात, आणि अडचण सोडवायला उरलेला वेळही जातो. म्हणून सगळे हिरवंच दाखवतात. बाहेरून हिरवा, आतून लाल. आमच्या धंद्यात अशा प्रोजेक्टला चक्क कलिंगडच म्हणतात. फरक एवढाच, की रस्त्यावरचा कलिंगडवाला त्रिकोणी फोड कापून लाल दाखवतो तेव्हा गिऱ्हाईक खूश होतं.

मग व्हॉट्सॲप ग्रुप केला. तिथे तर मला उत्तर म्हणून नुसता अंगठा येऊ लागला. "रिपोर्ट गेला का?" अंगठा. गेला, की जाईल, की तुमचा प्रश्न आवडला? ज्यांना लिहिता-वाचता येत नसे त्यांना पूर्वी अंगठाबहाद्दर म्हणायचे. माझ्या टीममध्ये असे चार इंजिनिअर आहेत, त्यातला एक एम.टेक.

या सगळ्यावर उतारा सापडला तो कोथरूडला, आमच्या स्वयंपाकघरात. आई गिरणीत फोन करत होती. गिरणीवाला पलीकडून म्हणाला असावा, "झालंच काकू, दळून ठेवलंय." आमच्यासारखं "बरं" म्हणून फोन ठेवायचं सोडून आई म्हणाली, "मग डब्याला हात लाव आणि सांग, गरम आहे का गार?"

पलीकडे शांतता.

"गहू अजून पिशवीत आहेत ना?" आई म्हणाली. "साडेसातला परत करते फोन."

मी थक्क झाले. नुकतं दळलेलं पीठ गरमच असणार, त्यात नव्वद टक्के काही नाही. 'टप्पा असा ठरवा की तो झाला का नाही यावर वाद होता कामा नये, सुरीच्या धारेइतका स्पष्ट हवा' असं ब्रुक्सचंही म्हणणं, पण त्याला पीठ सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून "झालं का" बंद. "लॉगिन झाल्यात जमा," असं फ्रंटएंडवाली म्हणाली. मी म्हटलं, "छान, माझ्या फोनवरून लॉगिन करून बघते, लिंक दे." तिने भिंतीचा टेका सोडला. डेटाबेसवाल्याला स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर त्याचं इंटरनेट गेलं, तो समोरच्या खुर्चीत बसलेला असताना. तीन दिवसांत माझी शीट हिरव्याची लालभडक झाली. पण एक गंमत झाली. टेस्टिंगवाली, जी कधी बोलायची नाही, ती म्हणाली, "मॅम, लाल लिहिलं तर ओरडणार नसाल, तर अजून दोन सांगू?" त्यातली एक चूक अशी होती की ती न्यू जर्सीत सापडली असती तर मी आज हा लेख लिहायच्या ऐवजी नोकरीचा अर्ज लिहीत असते. ओरडले नाही. खरं सांगायचं तर ओरडायला आवाज फुटला नाही.

तर त्या शुक्रवारी सगळं लाल घेऊन क्लायंटसमोर बसले. मीटिंग साडेसहाची, लांबत सव्वासातला गेली. मध्येच फोन थरथरला. आई. सकाळी निघताना येताना गिरणीतून डबा आणायचं मी कबूल केलं होतं, आणि गिरणी आठला बंद होते. माइक म्यूट केला, खुर्ची फिरवली आणि हळूच म्हटलं, "निघालेच गं. वाकडला पोचले सुद्धा."

"वाकडला?" आई म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी? मग एकही हॉर्न कसा ऐकू येत नाहीये?"