तुमचं वस्ताद कोण?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे. ज्यांची पोरं कराटे, तायक्वांदो असल्या कुठल्याही क्लासला जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचाच.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज पोस्टर आलं. क्लबहाऊसमध्ये समर कॅम्प, कराटे आणि सेल्फ डिफेन्स, वय 5 ते 15. फोटोत काळा बेल्ट बांधून उभा असलेला मुलगा, मुलगाच म्हणते कारण तिशीच्या आतबाहेरचा असेल, आणि खाली लिहिलंय ग्रँडमास्टर, आठवा डॅन, वर्ल्ड रेकॉर्ड होल्डर, आयएसओ सर्टिफाइड, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड. डॅन म्हणजे काळ्या बेल्टमधल्या चढत्या पायऱ्या. मी साधं विचारलं की सर कुठली स्टाईल शिकवतात आणि स्वतः कुणाकडे शिकले. दहा मिनिटांत तीन मेसेज. मॅडम निगेटिव्ह नका पसरवू. मुलं मोबाईल सोडून खाली येतायत ते बघा. आणि एकाने तर सरळ लिहिलं, तुमची मुलगी दुसरीकडे जाते ना, मग तुम्हाला काय करायचंय. सर स्वतः ग्रुपवर आहेत, त्यांनी मेसेज बघितला, उत्तर नाही.

जाते माझी मुलगी दुसरीकडे. का जाते ते सांगते.

आधी राहायचो तिथे ती चार वर्षं एका क्लासला जायची. शाळेचा हॉल, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याला 800 रुपये. दर तीन-चार महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिचे 1200 वेगळे, आणि दर वेळी सगळी मुलं पास. पांढरा, पिवळा, ऑरेंज, हिरवा, पोरगी रंग बदलत गेली आणि आम्ही फोटो टाकत गेलो. चार वर्षांत एकही मूल कधी नापास झालं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एकदा आबा आले होते आमच्याकडे. माझे वडील कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. नातीला सोडायला म्हणून आले आणि हॉलच्या पायरीवर तासभर बसून सगळं बघितलं. क्लास सुटल्यावर सरांना म्हणाले, "व्हय मास्तर, तुमचं वस्ताद कोण?" सर म्हणाले, काका मी स्वतःच ग्रँडमास्टर आहे, माझी स्वतःची स्टाईल आहे. आबा म्हणाले, "ते बरं हाय, पर तुमाला शिकवलं कुणी?" आणि मी काय केलं, तर आबांचा हात धरून म्हणाले चला, उशीर होतोय. रस्त्यात त्यांना सुनावलं पण, की असं विचारत नसतात आबा, वाईट दिसतं. ते काही बोलले नाहीत.

कोल्हापुरात या प्रश्नाला कुणी उद्धट म्हणणार नाही. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग, पोरगा कुठल्या तालमीचा आणि वस्ताद कोण हे आधी विचारतात, मग तो किती किलोचा वगैरे. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधून घेतलं ते 1912 साली, तेव्हापासून आजपर्यंत तिथे उतरणाऱ्या पैलवानाला कागद कोण विचारतो? पण वस्तादाचं नाव खोटं सांगून बघा, संध्याकाळपर्यंत निरोप जातो आणि वस्ताद म्हणतो हा आपला नव्हे. आबांना एवढंच हवं होतं, एक नाव, ज्याला जाऊन विचारता येईल.

मग आम्ही घर बदललं. नवीन क्लासला घेऊन गेले तेव्हा लेक ब्राऊन बेल्ट, वय 11, मान ताठ. नवीन सरांनी प्रेमानेच विचारलं, शोतोकान का, म्हणजे कराटेची ती स्टाईल का? तिला माहीत नाही. मला पण नाही. बरं, हेयान शोदान दाखव म्हणाले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या मूव्ह्ज, हेयान नावाचे असे पाच आहेत. हा त्यातला पहिला, 21 मूव्ह्जचा, शोतोकानमध्ये पोरं सुरुवातीला हाच शिकतात. लेक अर्ध्यात दिशा चुकली. दुसरा काता निम्मा आला. ब्राऊन बेल्टच्या पोरीला पाचही हेयान पाठ हवेत आणि पुढचा तेक्की शोदान सुरू झालेला हवा, हे मला त्या दिवशी कळलं. सर तिच्यासमोर वाकडं काही बोलले नाहीत, मला बाजूला घेऊन म्हणाले, ताई, पांढऱ्यापासून करू, चालेल का तिला? रिक्षात तिने तो ब्राऊन बेल्ट घडी घालून बॅगेत तळाशी ठेवला. घरी येईपर्यंत रडली नाही. घरी आल्यावर मात्र आवरेना तिला. चार वर्षं गेली हो तिची! ती कधी आळस करायची नाही, तापात पण जायची, आणि तिला जे दिलं ते पोकळ होतं.

लिहितानाही हात थरथरतोय माझा.

त्यानंतर मी हे सगळं समजून घ्यायला लागले. जुने सर पोरांना सांगायचे की पूर्वी बेल्ट कधी धुवायचे नाहीत, वर्षानुवर्षं घाम आणि माती लागून पांढऱ्याचा काळा व्हायचा, ही हजारो वर्षांची परंपरा आहे. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. ती गोष्ट खोटी आहे. डॅनची पद्धत ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1880च्या दशकात सुरू केली, कराटेत ती शोतोकानचे गुरू फुनाकोशींनी घेतली आणि पहिले डॅन दिले ते 1924 साली. म्हणजे आपलं खासबाग कराटेच्या डॅनहून जुनं आहे! आणि शोदान, म्हणजे पहिला ब्लॅक बेल्ट, त्याचा अर्थच मुळी सुरुवातीची पायरी. आपल्याकडे तो मिळाला की दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या क्लासचा फ्लेक्स लागतो.

आता तो आठवा डॅन. तायक्वांदोचा हिशोब सांगते कारण तो सरळ आहे. सोलची कुक्कीवॉन ही तायक्वांदोचे डॅन देणारी मुख्य संस्था, तिच्या नियमात पहिल्या डॅनवरून दुसऱ्यावर जायला 1 वर्ष, मग 2, मग 3, असं थांबावं लागतं, म्हणजे चौथ्यापर्यंतच 6 वर्षं झाली. सातव्यापर्यंत 21. आणि सातव्यावरून आठव्यावर जायला आणखी 8. कराटेत प्रत्येक संघटनेचे आकडे वेगळे असतात मान्य, पण वर जाताना थांबणं वाढत जातं हे बहुतेक सगळीकडे तसंच. तिशीतला माणूस आठव्या डॅनला कसा पोचतो ते मला कुणीतरी बोटं मोजून दाखवा.

आणि ते गव्हर्नमेंट रजिस्टर्ड! अहो ट्रस्ट रजिस्टर होतो, संस्था रजिस्टर होते, चार माणसं आणि कागदपत्रं असली की होते. त्याचा अर्थ सरकारने सरांचा काता बघितला असा होत नाही. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, किक कशी मारायची याचा त्यात संबंध नाही. वर्ल्ड रेकॉर्ड म्हणजे काय तर कौलं फोडली, पोटावरून बाईक नेली, ट्यूबलाईट फोडल्या. पोरांना झोपवून त्यांच्या पोटावरून बाईक नेणाऱ्या माणसाला सर म्हणायचं का, एवढंच विचारायचं होतं मला ग्रुपवर, पण नाही विचारलं. आणि दहावीच्या ग्रेस मार्कांचं आमिष असतं ते वेगळंच. ओपन नॅशनल नावाखाली एन्ट्री फी भरून जी मेडलं मिळतात त्याचे मार्क मिळतीलच असं नाही, आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा, मग पैसे भरा.

बरं, कागद नसलेले पण जीव ओतून शिकवणारे सर असतात, मान्य. आणि फेडरेशनांनीच इतकी भांडणं करून ठेवलीत की पालकांनी बघायचं तरी कुठे, 2020 मध्ये तर इंडियन ऑलिम्पिक असोसिएशनने कराटेच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यताच काढली होती. तायक्वांदोचं निदान कुक्कीवॉनच्या सर्टिफिकेटवरच्या नंबरवरून ऑनलाईन तपासता येतं, कराटेला असं एक ठिकाण नाहीये. म्हणून तर म्हणते की आबांचा प्रश्नच बरोबर होता. कागद छापून मिळतो. गुरू छापून मिळत नाही.

आणि खरा डॅन असला तरी तो माणूस मुलांजवळ ठेवण्यासारखा आहे हे कुठल्याच सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं. पोरींच्या अंगाला हात लावून पकडी शिकवायच्या असतात तिथे. दार उघडं आहे का, आईबापाला बसून बघू देतात का, सोबत कुणी बाई आहे का, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का. हे विचारायला लाजू नका प्लीज. मी लाजले होते.

त्या जुन्या सरांचा आता तितका राग येत नाही, खरं सांगते. त्यालाही कुणीतरी तसंच शिकवलं असेल, पैसे घेऊन बेल्ट दिला असेल आणि तोही वेळेवर क्लासला यायचा, पोरांवर ओरडायचा नाही, पोट होतं त्याचं त्यावर. राग येतो तो आम्हा पालकांचा. हॉलबाहेर बसून आम्ही मोबाईल बघत होतो. एकट्या आबांनी क्लास बघितला.

गेल्या दिवाळीत आबा पुन्हा आले होते. नवीन क्लासला मीच घेऊन गेले, पायरीवर बसवलं, आणि सुटल्यावर म्हटलं, आबा विचारा. त्यांनी तेच विचारलं, त्याच शब्दांत. सर म्हणाले, बसा काका, आणि अर्धा तास स्वतःच्या सेन्सेईंबद्दल, म्हणजे वस्तादांबद्दल, बोलत होते, कुठे शिकले, ब्राऊनला दोनदा नापास कसे झाले, अजून महिन्यातून एकदा जाऊन त्यांच्यासमोर काता करतात. मग फोन लावून दिला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज, म्हणाले हो, पोरगा माझाच आहे, गुडघा वाकवायला अजून कंटाळतो. आबा असे हसले! परत येताना नातीला म्हणाले, "ह्याच्याकडं जा गं तू." लेक आता हिरव्या बेल्टला आहे. मधे एकदा नापास पण झाली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उठून प्रॅक्टिसला गेली.

मगाशी मी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा टाकलंय, या वेळी आबांच्याच शब्दांत. कॅम्प सोमवारपासून आहे. ग्रुपवरचे जे कुणी हे वाचत असतील त्यांनी पैसे भरायच्या आधी सरांना समोर एकदा विचारा, आणि नाव सांगितलं तर मलाही कळवा, मी स्वतः फोन करीन.