तळात तळं

आमच्या चिपळूणच्या घरात लोखंड टिकत नाही. आषाढ लागला की खिडकीचे गज, विळीचं पातं, बादलीची कडी, सगळ्यांवर तांबूस बुरा चढतो. बाबा एसटीच्या वर्कशॉपात पत्रेकामाला होते, म्हणजे घरात आणि डेपोत मिळून त्यांनी जन्मभर गंजाशीच दोन हात केले. एवढ्या घराण्यातला मी, त्यामुळे गंजातलं मला कळतं असा माझा समज होता. तो मिशिगनमधल्या माझ्या गराजमध्ये, उताण्या अवस्थेत, डोळ्यात चुरा पडून संपला.

गाडी १९७२ची एमजीबी. हिरवी, दोन माणसांची, टपाला कापड. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० ह्या गाड्या निघाल्या, पाच लाखांहून जास्त, आणि त्यातल्या ढिगानं अमेरिकेत आल्या. त्यातली एक बरोबर माझ्या वाट्याला यावी, ह्याला मी तेव्हा योग म्हणत होतो. विकणारा म्हणाला, ‘ही फक्त उन्हाळ्यात चालवलेली गाडी आहे.’ मी रंगावर बोट फिरवलं, क्रोमच्या बंपरमध्ये स्वतःचं तोंड बघितलं, आणि साडेसहा हजार डॉलर मोजले. खाली वाकून बघितलं नाही. मुलगी बघायला गेल्यावर मुलाकडच्यांनी परसदारी जाऊन मोरी बघायची नसते, तसं काहीतरी मनात असावं.

पहिल्या पावसात बायको शेजारी बसली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘अरे, माझी चप्पल भिजली.’

‘टप कापडी आहे ना, थोडं येणारच.’

‘डोकं कोरडं आहे माझं. चप्पल भिजलीय.’

शनिवारी गालिचा उचलला. खाली जाड नमदा, भिजलेल्या गोणपाटासारखा जड आणि वासही तसाच. त्याखाली डांबर. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. चांगला पत्रा टण् म्हणतो. इथं थप् आलं. म्हणून टोक जरासं दाबलं. ते आत गेलं, मूठही आत गेली, आणि खाली सिमेंटवर स्क्रू-ड्रायव्हर पडल्याचा आवाज आला.

दोन बोटांचं भोक होतं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

‘दोन बोटं म्हणजे पाटाएवढं असणार,’ बाबा म्हणाले. ‘कडा टोचत जा. चांगला पत्रा लागेपर्यंत थांबू नकोस. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवलीस का?’

‘हो.’

‘मग आधी बाहेर ये तिथून.’

खाली स्टँड लावले आणि पुन्हा आत गेलो. टोचत गेलो. लोखंडाचा गंज झाला की तो फुगतो, पत्र्यापेक्षा किती तरी जास्त जागा खातो. त्यामुळे जिथं पत्रा जाडजूड, धष्टपुष्ट दिसत होता, नेमका तिथंच तो संपलेला होता. पदर सुटलेल्या चिरोट्यासारखा हातात येई आणि चिरोट्यासारखाच भुगा होई. दुपारपर्यंत पाटाएवढं झालं. संध्याकाळी त्यातून माझं डोकं आरपार जात होतं, आणि बायकोनं त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

ह्यात मिठाचा वाटा मोठा. इथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात आणि डेट्रॉइट शहराच्या पोटात हजारभर फुटांवर मिठाची खाणच आहे, त्यामुळे कोणी हात आखडत नाही. खारट पाणी लवकर वाळत नाही, पत्र्याच्या फटीत बसून राहतं आणि गंजाचं काम जोरात चालतं. ‘फक्त उन्हाळ्यात’ चालवलेली माझी गाडी किती हिवाळे फिरली असेल, कोण जाणे. खाल्ल्या मिठाला मात्र ती जागली होती.

पण खरी गंमत डांबराखाली होती. खरवडता खरवडता निळा रंग दिसला, मग पांढरी अक्षरं. आधीच्या कोणा मालकानं भोकावर जुनी नंबरप्लेट रिबिटं मारून बसवली होती आणि वर डांबर फासलं होतं. मिशिगनची जुनी निळी प्लेट. तिच्यावर छापलेलं असायचं, ‘ग्रेट लेक्स’. गाडीच्या तळात तळं साठतंय ह्याची लेखी सूचना त्या माणसानं देऊन ठेवली होती, मीच वाचली नाही. प्लेटखाली फायबरग्लासचा थर, त्याखाली वर्तमानपत्राचा लगदा. म्हणजे ह्या भोकाचे इतिहासात निदान दोन कालखंड होते.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘रिबिटं सरळ ओळीत मारलीत हो.’ आणि जाता जाता विचारलं, ‘पाणी वरून येतंय की खालून, ते बघितलंस का?’

मी म्हटलं, बाबा, एवढं भोक आहे, खालूनच येणार की. त्या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येऊ.

नवा तळ ऑर्डर केला. ह्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा अजून विकत मिळतो, हा तिचा मोठा गुण आणि घरखर्चाला मोठा धोका. पण जुना कापण्याआधी एक भानगड असते. हिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, डोक्यावर छत नाही. तळ आणि दारांखालच्या दोन पोकळ पेट्या, ह्यांच्यावरच सगळा डोलारा. ते बेफिकीर कापलं तर गाडी मधून वाकते आणि दारं पुन्हा लागत नाहीत. हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते इथल्याच एका मोटार कारखान्यातून वेल्डर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी दाराच्या चौकटीत आडवा गज जोडायला लावला, दाराच्या फटी मोजून भिंतीवर लिहायला लावल्या आणि खुर्ची टाकून बसले. बसले ते जवळजवळ सहा महिने. दोन शनिवार-रविवारचं काम म्हणून गणपतीत सुरू केलं ते होळीपर्यंत चाललं.

स्पॉट वेल्ड ड्रिलनं उडवणं, ग्राइंडर चालवणं, ह्यात सांगण्यासारखं काही नाही. कान बसतात आणि शेजारी ओळख विसरतात. वेल्डिंगचं मात्र सांगायला हवं. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. टॉर्च जरा जास्त धरली की लाल, मग पांढरा, मग नाहीच. गंजाला जे भोक पाडायला तीस वर्षं लागली, ते मी तीन सेकंदांत पाडत होतो. ‘एक ठिपका, मग वीतभर लांब दुसरा. पहिला गार होऊ दे,’ आजोबा खुर्चीतून म्हणत. मी ठिपके दिले. बाबांनी ते फोनवर बघितले आणि आईला हाक मारली, ‘बघ गं, ह्याच्याकडे साबुदाणा सांडलाय.’

सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या काढल्या होत्या, पेट्रोलची टाकी उतरवली होती, सगळं नियमानं. उरलेल्या डांबराचा विसर पडला. मास्कमधून मला फक्त ठिणगी दिसत होती, त्यामुळे आग लागलीय हे मला सगळ्यात शेवटी कळलं. आग विझवायचं नळकांडं घेऊन मुलगी दारात उभी होती. म्हणाली, ‘आईनं सांगितलंय, हे बाबाजवळच ठेव.’ आग हाताएवढीच होती, पण आईचा स्वर पूर्ण बंबाचा होता.

अखेर तळ बसला. आजोबांनी भिंतीवरचे आकडे आणि दाराच्या फटी ताडून पाहिल्या आणि ‘हं’ म्हणाले. सहा महिन्यांतली ही एकमेव शाबासकी. सांध्यांना सीलर, त्यावर प्रायमर, रंग, पेट्यांच्या पोकळीत मेणाचा फवारा. नवा गालिचा घातला. मी त्यावर अनवाणी पाय ठेवून दोन मिनिटं नुसता बसलो.

एप्रिलात पाऊस आला. बायकोला म्हटलं, चल. चार मैल गेलो असू. ती काही बोलली नाही. फक्त एक चप्पल काढली, काच खाली केली आणि चप्पल बाहेर धरून उलटी केली.

विंडशील्डपुढे हवा आत घ्यायला एक जाळी असते. तिच्यातून पडलेलं पावसाचं पाणी खाली काढून द्यायला हीटरच्या पेटीपासून एक रबरी नळी गाडीखाली येते. ती तुंबली की पाणी हीटरमधून थेट पायांत उतरतं. म्हणजे वरून. मी उताणा पडलो, नळीत तार सारली. आधी चमचाभर काळा चिखल आला. मग मेपलच्या बियांच्या भिंगऱ्या, उंदरानं जमवलेल्या चिंध्या, आणि मग कोण जाणे किती वर्षांचं गार पाणी मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेपर्यंत.

रविवारी बाबांचा फोन आला. ‘काय रे, सापडलं का कुठून येत होतं ते?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘खालूनच.’