शिकलेला गवंडी शहरात जातो, मग शिकवायचं कशाला?

नमस्कार. डोंगरातल्या गावांत घरबांधणी शिकवावी या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की डोंगरातल्या मुलांना गवंडीकाम, सुतारकाम शिकवलं की ती शहर गाठतात, गावातली घरं आहेत तशीच राहतात. शिवाय लोकांना सिमेंटचंच घर हवंय, दगडमातीचं कौतुक फक्त लिहिणाऱ्यांना.

मुलं जातात, हे खरं आहे. मूळ लेखात मी ते टाळलं, ती माझी चूक. डोंगरात बांधकामाचा हंगाम तोकडा असतो. पावसात, बर्फात काम बंद. मग उरलेले महिने त्यांनी खायचं काय? त्यांना गावात अडवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही.

पण ‘घरं तशीच राहतात’ हे मात्र मला पटत नाही. ते आपण काय शिकवतो यावर ठरतं. डोंगराच्या पायथ्याला भरणाऱ्या वर्गात विटांची भिंत आणि फरशी बसवणं शिकवलं, तर तो मुलगा शहराचाच कारागीर होणार. त्याच्या गावात वीट नाही, दगड आहे.

दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते. आत बहुतेक वेळा दगडांच्या दोन वेगळ्या पडद्या असतात आणि मध्ये नुसती भर. जमीन हलली की या पडद्या सुटतात, भिंतीला पोट येतं, आणि छप्पर खाली येतं. उपाय म्हणजे भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड. कमी ताकदीच्या बांधकामांच्या भूकंपसुरक्षेचं भारतीय मानक १३८२८ सांगतं की असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला हवेत आणि आडव्या अंतरात १.२ मीटरपेक्षा लांब नकोत. एवढा लांब दगड मिळाला नाही तर लाकडाचा तुकडा चालतो. याला पैसा फारसा लागत नाही. लागते ती नजर, आणि ती प्रत्यक्ष भिंतीवर हात ठेवूनच येते.

नेपाळचं उदाहरण मी म्हणूनच पुन्हा देतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथे जवळपास नऊ हजार माणसं गेली. डोंगरात कोसळलेली घरं मुख्यतः मातीत रचलेल्या दगडांची होती. पुनर्बांधणीत घरामागे तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान हप्त्यांनी दिलं गेलं, आणि पुढचा हप्ता काम तपासल्यावरच. जाणत्या मिस्त्रींसाठी ७ दिवसांचा वर्ग होता. नवख्यांना मात्र ५० दिवस खऱ्या घराच्या कामावरच शिकवलं. तुमच्या आक्षेपाला उत्तर पुढे आहे: असंख्य तरुण आखातात आणि मलेशियात गेलेले होते, तेव्हा बायकांनी ओळंबा हाती घेतला. आपण शिकाऊ म्हटलं की डोळ्यांसमोर मुलगाच का आणतो?

सिमेंटबद्दल तुम्ही बरोबर आहात. दगडमातीच्या घराला दरवर्षी गिलावा, छप्पर गळणं, पोरीबाळींच्या लग्नात घराकडे बघून होणारं बोलणं, या साऱ्याला माणूस कंटाळतो. तेव्हा सिमेंटही नीट शिकवायला हवं. पाणी, वाळू, गोणी सगळं खेचरावर किंवा पाठीवर येतं, म्हणून हात आखडता घेतला जातो. निदान सात दिवस काँक्रीटवर पाणी मारायचं, ते दोन दिवसांवर येतं. खांबाच्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवायची, ती काटकोनातच सोडतात. आणि मातीच्या जुन्या भिंतीवर जड स्लॅब टाकला, तर ते घर आधीपेक्षा धोक्याचं होतं. हे घरमालकाला ठणकावून सांगणारं गावातलंच कुणीतरी हवं, बाहेरच्या इंजिनिअरचं तो ऐकून घेतो आणि विसरतो.

आता पैशांचा प्रश्न. पन्नास दिवस रोजगार बुडवून गरिबाघरचं कोण शिकायला येईल? शिकतानाच्या दिवसांची मजुरी द्या, आणि काम गावातल्याच एखाद्या विधवेच्या किंवा म्हाताऱ्याच्या घरावर करा. मग शिकलेला पुढच्या वर्षी शहरात गेला, तरी ते एक घर उभं राहिलेलं असेल.