कॅल्क्युलेटरला लाईट

ऐंशी रुपये गेले याचं मी एवढं मनावर घेतलं नसतं, पण ते आबाजींच्या देखत गेले.

सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागली की रोज दिवेलागणीला आमच्या छपरीत कापसाची गाठोडी काट्याला लागतात. बाया मजुरीसाठी खोळंबलेल्या असतात आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. मोटरीची लाईट मात्र मध्यरात्री हजर. म्हणजे झोपायच्या वेळी साप-विंचवांच्या सोबतीनं ओलीत करा आणि हिशेबाच्या वेळी चाचपडत बसा. हे वेळापत्रक काढणाऱ्याला एकदा आमच्या छपरीत मजुरी वाटायला बसवायचं आहे.

काल तर दुपारपासूनच लाईट नाही, त्यामुळे मोबाईल चार टक्क्यांवर. उरला कॅल्क्युलेटर. त्याला सोलर पट्टी आहे, आत बटणसेलही आहे. तो अंधारातही गणित बरोबर करतो, फक्त कुणाला सांगत नाही. १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या कॅल्क्युलेटरचे लाल आकडे म्हणे स्वतःच पेटायचे. पण ते बॅटरी फार खात, म्हणून पुढे काळ्या आकड्यांची एलसीडी स्क्रीन आली. तिला स्वतःचा उजेड नाही. बाहेरचा उजेड आत जाऊन मागच्या पत्र्यासारख्या थरावरून परततो, तेव्हा कुठे आकडा दिसतो. बॅटरी वाचली, डोळे गेले.

म्हणून पोराच्या मोडक्या टॉर्चमधला पांढरा एलईडी काढला. त्याच्या दोन पायांच्या चिमटीत तीन व्होल्टचा चपटा सेल धरला (लांब पाय प्लसला, हे दोनदा उलटं करून कळलं), वर टूथपेस्टचं झाकण टोपीसारखं बसवलं आणि सगळं चिकटपट्टीनं स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटवलं. पेटला! मीच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

आबाजी खाटेवर बसून तंबाखू मळत होते.

"हे कायचं भूत होय?"

"लाईट, आबाजी."

"हा तं उन्हावर चालते म्हनते ना? मंग आता कोन कोनाले उजेड देऊन राह्यलं? लाईट मशीनले, का मशीन लाईटले?"

"दोघांचे सेल वेगळे आहेत."

"म्हंजे मोजाले एक शेल, वाचाले एक शेल." त्यांनी चिमूट ओठाखाली सरकवली. "अन् तू कायले बसला मंग?"

मी उत्तर दिलं नाही. समोर मावशीचा कापूस काट्यावर होता. चौतीस किलो, नऊ रुपयांनी. बटणं दाबली, स्क्रीन वाचली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "तीनशे शहाऐंशी!" पैसे दिले. मावशीनं ते पदराच्या टोकाला बांधले, गाठ दातांनी आवळली.

तेव्हा आबाजी बोलले. "चौतीस नवे तीनशे सहा."

पुन्हा पाहिलं. उजेड वरून पडत होता आणि शून्याच्या वरच्या आडव्या रेघेची सावली मागच्या थरावर खाली सरकून बरोबर त्याच्या पोटात उतरली होती. शून्याचा आठ झाला होता. लाईट हातानं झाकला, तर आकडाच गायब.

"मावशी, ऐंशी जास्त गेले."

"मले काय मालूम भाऊ, तुमची मशीनच बोलली."

"उद्याच्या मजुरीत वळते करू."

"उद्या मी येत नाई. पुतनीच्या लग्नाले चालली."

उरलेल्या सगळ्या बायांचा हिशेब मग आबाजींनी तोंडी केला, खाटेवरून न उठता. मी चिल्लर मोजत होतो. एका बाईनं तर गाठोडं माझ्यासमोर ठेवलं, पण वजन त्यांना सांगितलं.

जाताना आबाजींनी कॅल्क्युलेटर उचलला. "रस्त्यानं अंधार हाय, लेका. हे कामाचं हाय." समोर शून्य धरून, त्याच्या उजेडात खड्डे चुकवत ते घरी गेले. ते वळणावर पोचले आणि लाईट आली.

आज सकाळी कॅल्क्युलेटर आणायला पोराला पाठवलं. तो रिकाम्या हातानं परतला. निरोप होता: शेल उतरला, नवा घेऊन ये.