छोटं शहर म्हणजे स्वस्तातलं माद्रिद नव्हे! (सालामांकाला शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी)

ऑगस्ट आला की माझा इनबॉक्स भरायला लागतो. ताई, सालामांकाला ॲडमिशन झालंय, पार्टटाइम मिळेल ना? ताई, रूम किती? ताई, व्हेज मिळतं का? प्रश्न बरोबर आहेत, पण कोर्स कुठल्या भाषेत आहे आणि डिग्री नक्की कसली मिळणार हे विचारणारं पोरगं मला क्वचितच भेटतं, कारण ते एजंटने "सगळं इंग्लिशमध्येच असतं" म्हणून आधीच मिटवलेलं असतं. म्हणून एकदाच काय ते लांबलचक लिहून टाकते. माझं मत सरळ आहे. सालामांका, लेओन, बुर्गोस असल्या शहरात यायचं तर ते शहर पाहिजे म्हणून या. माद्रिद परवडत नाही म्हणून इथे येऊन माद्रिदसारखंच राहू असं डोक्यात असेल तर दोन महिन्यांत रडकुंडीला याल.

सालामांका साधारण दीड लाख वस्तीचं गाव, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या मोठ्या गावाएवढं. त्यात १२१८ ची युनिव्हर्सिटी, स्पेनमधली आज चालू असलेली सगळ्यात जुनी. म्हणून गावात जिकडे बघाल तिकडे विद्यार्थीच, आणि जगभरातून लोक स्पॅनिश शिकायला इथेच येतात. आता जिथे लोक स्पॅनिश शिकायला येतात तिथे तुम्ही स्पॅनिशशिवाय दोन वर्षं काढायचा प्लॅन करताय, काय म्हणावं! माद्रिद-बार्सिलोनात इंग्लिशवर निभावून जातं. इथे बँकेतली बाई, पोलिसातला माणूस, घरमालकीण, डॉक्टर, सगळ्यांशी स्पॅनिशच. त्यामुळे येण्याआधी किमान ए-टू लेव्हल (रोजचं साधं बोलणं जमेल एवढी) करा, पुण्या-मुंबईत क्लास आहेत, ऑनलाइन तर ढिगाने. आणि कोर्सच स्पॅनिशमध्ये असेल (बहुतेक मास्टर्स असतातच) तर बी-टू लेव्हलशिवाय (ए-टूच्या दोन पायऱ्या वर) वर्गात बसून नुसतं तोंड बघत राहाल, कारण प्रोफेसर कोणासाठी थांबत नाहीत आणि इथली, म्हणजे कास्तिल्यातली, माणसं बोलतात पण भराभर.

डिग्रीचं आधी सांगते कारण पैसे तिथेच बुडतात. स्पेनमध्ये मास्टर दोन प्रकारचं. एक ओफिसियाल, त्याचं नाव सहसा 'मास्तेर उनिव्हेर्सितारिओ' असं सुरू होतं आणि ते सरकारी रजिस्टरमध्ये असतं, त्या रजिस्टरला रुक्त म्हणतात, वेबसाइटवर कोणालाही फुकटात शोधता येतं. दुसरं 'प्रोपिओ', म्हणजे युनिव्हर्सिटीने स्वतःच्या नावावर काढलेलं. प्रोपिओ वाईटच असतं असं नाही, पण पुढे पीएचडी करायची असेल किंवा सरकारी कामासाठी डिग्री दाखवायची असेल तर फरक पडतो. आणि काही एजंट प्रोपिओच विकतात कारण ॲडमिशन सोपं. फी भरायच्या आधी दहा मिनिटं काढून कोर्सचं नाव रजिस्टरमध्ये बघा, बास.

आता कागदपत्रं. सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवसांचा व्हिसा असेल तर आल्यापासून एका महिन्याच्या आत टी-आय-ई कार्डाची (परदेशी लोकांचं इथलं ओळखपत्र) प्रोसेस सुरू करायची असते, त्याला इथे 'तिए' म्हणतात. पोलिसांची ऑनलाइन अपॉइंटमेंट (सिता), एक फॉर्म, ७९०-०१२ नंबरचं चलन, फोटो, आणि बोटांचे ठसे. ऐकायला सोपं वाटतंय, पण अपॉइंटमेंट मिळणं हाच खरा खेळ, म्हणून विमानातून उतरल्या उतरल्या वेबसाइट बघायला लागा, पंधरा दिवस गाव बघू मग करू असं नको. चलन बँकेत भरायचं, आणि काही बँका रोखीने पैसे फक्त सकाळी ठराविक वेळातच घेतात, तेही आठवड्यातले ठरलेले वार. साडेअकराला गेलात तर काऊंटरवरचा माणूस घड्याळाकडे बोट दाखवतो आणि मान हलवतो, भांडून उपयोग शून्य. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे येत असाल तर बोर्डिंग पास फेकू नका, स्पेनमध्ये कधी आलात याचा पुरावा म्हणून लागू शकतो. कार्ड हातात यायच्या आधी दिवाळीला घरी जायचं असेल तर परत यायची परवानगी वेगळी काढावी लागते, तिकीट काढण्याआधी चौकशी करा.

आणि दुसरा कागद म्हणजे पाद्रोन, नगरपालिकेत तुमचा पत्ता नोंदवणं. हे रूमशी जोडलेलं आहे आणि इथेच पोरं अडकतात. रूमचं काँट्रॅक्टही नसेल आणि मालकाने सहीही दिली नाही तर पाद्रोन अडतं. बरेच मालक भाडं टॅक्समध्ये दाखवत नाहीत त्यामुळे "रूम घे, पण पाद्रोन नको" असं गोड बोलून सांगतात. एका मालकिणीने तर मला कॉफी पाजली, स्वतःच्या नातवंडांचे फोटो दाखवले, आणि पाद्रोनचं नाव काढताच तिला एकदम ऐकू येईना. म्हणून रूम बघायला गेलात की पहिला प्रश्न पाद्रोनचा, दुसरा हीटिंगचा, भाडं तिसरं.

हीटिंगचं मनावर घ्या हो! स्पेन म्हटलं की आपल्याला ऊन, बीच, संत्री. सालामांका समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली, आणि डिसेंबर-जानेवारीत धुकं बसलं की दिवसचे दिवस उठत नाही. रूम बघताना रेडिएटर हाताने चाचपून बघा आणि हीटिंग सेंट्रल आहे की इंदिव्हिदुआल ते विचारा. सेंट्रल असेल तर अख्ख्या बिल्डिंगला ठरलेल्या वेळी गरम होतं आणि खर्च बहुतेक भाड्यात धरलेला असतो. इंदिव्हिदुआल असेल तर बिल तुमचं, आणि त्यातही नुसते इलेक्ट्रिक हीटर असतील तर जानेवारीचं बिल बघून घाम फुटेल, थंडीतसुद्धा. काही जुन्या घरांत अजून ब्युटेनचा सिलिंडर चालतो, केशरी रंगाचा, साडेबारा किलोचा. डिलिव्हरीवाला खांद्यावर घेऊन जिने चढतो, रिकामा द्यायचा भरलेला घ्यायचा, आणि अंघोळीच्या मध्येच गॅस संपला की साबणासकट बाहेर येऊन सिलिंडर बदलायचा. आपल्या लोकांना त्यात नवीन काहीच नाही, अमेरिकन रूममेट मात्र हबकतात.

अजून एक, खिडकी. जाहिरातीत 'इंतेरिओर' लिहिलं असेल तर खिडकी रस्त्यावर नाही, बिल्डिंगच्या आतल्या चौकात उघडते. त्या चौकात सगळ्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या, कप्प्यांवर सरकणाऱ्या, चार मजल्यांवरच्या चार स्वयंपाकघरांचे वास, खालच्या आजीचा टीव्ही फुल आवाजात. मला स्वतःला तो चौक आवडायचा, पण ऊन येत नाही आणि हिवाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे माहीत असू द्या. उलट अगदी प्लासा मायोरजवळ (गावाचा मुख्य चौक) रस्त्यावरची रूम घेतलीत तर गुरुवार ते शनिवार झोप विसरा. गुरुवारी विद्यार्थी, शनिवारी लग्नाआधीची पार्टी करायला अख्ख्या स्पेनमधून आलेली टोळकी, पहाटे पाचला खालून गाणी. गारिदोसारख्या भागात बघा, चालत वीस-पंचवीस मिनिटं, भाडं कमी, भाजीवाले-बेकऱ्या खऱ्याखुऱ्या. पण आधी तुमची फॅकल्टी कुठल्या कॅम्पसला आहे ते बघा. गाव चालण्याएवढंच आहे तरी सकाळी नऊच्या लेक्चरला धुक्यातून अर्धा तास चालणं सगळ्यांना झेपत नाही.

भाड्याचा आकडा सगळेच विचारतात. शेअर फ्लॅटमध्ये एक खोली साधारण तीनशे युरोच्या आसपास धरा, चांगली असेल तर वर, माद्रिदमध्ये तेवढ्यात बाल्कनीसुद्धा मिळणार नाही. रूम न बघता ॲडव्हान्स पाठवू नका. "मी लंडनला असतो, चावी कुरियरने पाठवतो" असं म्हणणारा माणूस हमखास चोर. पहिला आठवडा हॉस्टेल किंवा पेन्सिओनमध्ये (साधं लॉज) काढा आणि स्वतःच्या पायांनी रूम बघा. फक्त ८ सप्टेंबरला गावाची जत्रा असते, ऑफिसं बंद, त्या सुमारास राहायची जागाही मिळत नाही, ते धरून तिकीट काढा.

पार्टटाइम. नियमाने हायर एज्युकेशनवाल्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, खरं आहे. पण काम कुठे आहे? छोट्या गावात काम म्हणजे बार, दुकान, नाहीतर कोणाच्या पोरांना इंग्लिश शिकवणं. बारमध्ये स्पॅनिश लागतं, आणि इंग्लिश शिकवायला आयरिश-अमेरिकन पोरं रांगेत उभी. मिळतं, नाही असं नाही, पण दुसऱ्या वर्षी, भाषा आल्यावर, ओळखी झाल्यावर. व्हिसासाठी महिन्याला ६०० युरोच्या हिशोबाने पैसे दाखवावे लागतात ना, ते नुसते दाखवायला कोणाकडून उसने आणून परत करू नका, खरोखर हातात ठेवा. सालामांकात त्यात काटकसरीने महिना निघतो. घरी बाबांनी लोन काढलंय आणि हप्ता पार्टटाइममधून जाईल असं गणित असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा, प्लीज.

बँक अकाऊंट उघडलं की लगेच बिझुम चालू करा. आपलं यूपीआय तसं इथे बिझुम, फोन नंबरवर पैसे जातात, आणि फ्लॅटमधलं लाइटबिल, पिझ्झा, वाढदिवसाची वर्गणी सगळं त्यावर चालतं. इथला सिम आणि इथली बँक दोन्ही लागतात. आणि टी-आय-ई झालं की डिजिटल सर्टिफिकेट काढून ठेवा, पुढची निम्मी सरकारी कामं घरबसल्या होतात.

खाण्याचं. व्हेज लोकहो, "कार्ने (मांस) नको" एवढं सांगून भागत नाही. हॅमला हे लोक मांसात धरतच नाहीत, मिक्स सॅलडवर ट्यूना येतो, मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराचं सॉसेज) पोहत असतो. नावं घेऊन सांगा, हॅम नको, ट्यूना नको, चोरिसो नको. बाहेर अंडं चालणाऱ्यांना तोर्तिया (बटाट्याचं ऑम्लेट) आहे, बाकीच्यांना पाद्रोनच्या मिरच्या (नाव तेच, कागदाशी संबंध नाही!), चीज, ब्रेड, आणि मग घरी जाऊन वरणभात. नॉनव्हेजवाल्यांची चैन आहे, व्हान डाइक रस्त्यावर ड्रिंकबरोबर पिंचो (छोट्या प्लेटमधलं खाणं) खात फिरायचं, डुकराच्या गालाची कुरकुरीत खेता खायची, रात्रीचं जेवण त्यातच उरकतं.

पण घरी करायला हे गाव आपल्यासाठी सोनं आहे आणि हे कोणी सांगत नाही. सालामांका प्रांतातच ला आर्मुन्या म्हणून पट्टा आहे, तिथले मसूर स्पेनभर नावाजलेले. आणि पेद्रोसियोचे छोले, काबुलीपेक्षा बारीक, शिजले तरी साल न सुटणारे, त्याची उसळ करून बघा. त्यामुळे बॅगेत पाच किलो कडधान्य कोंबू नका. कुकरही आणू नका, इथे घराघरात प्रेशर कुकर असतो, दुकानात सहज मिळतो. जिरं, हळद सुपरमार्केटात आहे. लाल तिखट म्हणून पिमेंतोन दे ला वेरा घ्याल तर त्याला धुराचा वास असतो, भाजीला वेगळीच चव येते. म्हणून तिखट, गोडा मसाला, हिंग, चहा मसाला एवढं घरून आणा. तूरडाळ आणि कढीपत्त्यासाठी माद्रिदच्या लाव्हापिएसला चक्कर मारायची, बसने अडीच तास, ट्रेनने पावणेदोनच्या आसपास. जाडजूड जॅकेट पुण्यात घेऊ नका, इथे सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की रेबाहास (सेल) लागतात, तोवर एक बऱ्यापैकी कोट आणि थर्मल पुरतं.

दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी सुपरमार्केट बंद, बँक-ऑफिस दोनपर्यंतच. यावर चिडणारे पुष्कळ बघितलेत. सकाळी काम उरका, दुपारी झोपा नाहीतर अभ्यास करा. प्रोफेसरला सर-मॅडम करू नका, नावाने हाक मारायची, पहिल्या आठवड्यात जीभ वळत नाही, मग सवय होते. दहापैकी पाचला पास, आणि सात म्हणजे चांगले मार्क, घरी फोनवर "सत्तर टक्केच?" ऐकावं लागेल त्याची तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने. आपली चार-पाच मराठी-हिंदी पोरं एकत्र फ्लॅट घेतात, एकत्र स्वयंपाक, एकत्र मॅच, आणि वर्ष संपतं तरी "ऊना कान्या पोर फावोर" (एक छोटी बिअर द्या प्लीज) च्या पुढे गाडी जात नाही. छोट्या गावाचा फायदाच हा की भाजीवाली तुम्हाला तिसऱ्या खेपेला ओळखते, लिफ्टमध्ये अनोळखी माणूसही नमस्कार करतो. ईस्टरच्या रविवारनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, लुनेस दे आग्वासला, अख्खं गाव तोर्मेस नदीच्या काठी ओर्नासो (आत मांस भरून भाजलेली जाड पोळी) घेऊन जेवायला बसतं. सोळाव्या शतकात उपासाच्या दिवसांत गावाबाहेर नदीपलीकडे पाठवलेल्या वेश्या परत यायच्या त्याचा म्हणे हा सण, आता आजी-नातवंडांसकट साजरा होतो. अशा वेळी कोणीतरी स्पॅनिश रूममेट असेल तर तुम्ही त्या चादरीवर बसलेले असता, नाहीतर पुलावरून फोटो काढत असता. फ्लॅटमध्ये एक आपला माणूस असू दे, बाकीचे इथले बघा.

इनबॉक्समध्ये "हाय ताई" एवढंच टाकून गप्प बसू नका, उत्तर देत नाही. कमेंटमध्ये कोर्सचं पूर्ण नाव टाका, ओफिसियाल आहे की प्रोपिओ आणि कुठल्या कॅम्पसला आहे ते बघून सांगते. रूमसाठी नावं मागू नका, मी एजंटगिरी करत नाही.