गाजर केकच्या पाकिटाला मिळालेल्या दोन ताऱ्यांबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू फोटोंसकट नीट वाचला. मागून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. भाच्याला दुधाची ॲलर्जी आहे म्हणून त्याच्या वाढदिवसाला तुम्ही आमचं गाजर केकचं पाकीट आणलंत, ज्यात ना धान्य आहे ना दूध. केक आधी टम्म फुगला, मग मधोमध बसला, वरून करपला आणि आत गिच्च राहिला. खोबरेल ‘डोक्याला लावल्यासारखं वाटतं’ म्हणून त्याऐवजी तुम्ही घरचं साजूक तूप घातलंत. शिवाय पाकिटावर हिरवा ठिपका असताना अंडी घालायला सांगणं ही फसवणूक आहे, पाकीट महाग आहे आणि पैसे परत हवेत, असं म्हणणं आहे.

केक का बसला ते नंतर. आधी तूप.

तूप लोण्याचं आणि लोणी दुधाचं. कढवताना पाणी उडतं, बेरी खाली बसते आणि गाळल्यावर जवळजवळ नुसता स्निग्धांश उरतो, हे खरं. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांच्यापैकी अनेकांना तूप सोसतं ते त्यामुळेच. ॲलर्जीचं तसं नसतं. ती दुधातल्या प्रथिनांची असते आणि नीट गाळलेल्या तुपातही त्यांचा अंश राहू शकतो. काही मुलांना तेवढाही बाधतो. भाच्याने केक खाल्ला की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. फ्रीजमध्ये तुकडे उरले असतील तर कृपा करून त्याला देऊ नका, आणि त्याला तूप चालतं का हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारा. खाऊन अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच दवाखाना गाठा. आमच्या पाकिटाबद्दल वाईट लिहिलंत तरी चालेल, पण ‘तूप म्हणजे काही दूध नव्हे’ हे वाक्य खोडा. आणखी कुणी ते वाचून तसंच करेल.

खोबरेलाचा वास नको असेल तर सूर्यफुलाचं रिफाइंड तेल तेवढ्याच मापाने घाला, पाकिटामागे तेही छापलं आहे. घाटावर खोबरेल म्हणजे केसांचं, हे मलाही माहीत आहे. कोकणातल्या ग्राहकांनी अजून एकदाही ही तक्रार केलेली नाही!

केक बसण्याचा दोष मात्र तुपाला देता येणार नाही. तुमचा पहिला फोटो पाहा. मिक्सरच्या भांड्यात लाल गाजर आहे आणि कडेने रस सुटलेला दिसतो. गाजरात मुळातच 88 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे 200 ग्रॅम गाजरातून सुमारे 175 मिली पाणी केकात जातं. किसणीवर किसलं तर बरंचसं पाणी किसातच राहतं, मिक्सरमध्ये फिरवलं की बाहेर येतं. त्यातून थंडीतलं लाल गाजर हलव्याला उत्तम, पण केकसाठी केशरी गाजरापेक्षा जास्त रसाळ. ते वापरायचंच असेल तर मध्यम किसणीवर किसून, मुठीत हलकं दाबून घ्या. निघालेला रस पिऊन टाका, मिश्रणात ओतू नका. गाजर घालायचं सगळ्यात शेवटी, आणि घातलं की लगेच ओव्हनमध्ये. गुळाशी गाठ पडली की किसाला पाणी सुटत राहतं. तुम्ही लिहिलंय की सगळं कालवून ठेवलं आणि मग ओव्हन तापवायला लावला. त्या वेळात मिश्रण पातळ झालं असणार.

दुसरी गोष्ट बेकिंग पावडरची. ‘सोड्याची पुडी अगदीच एवढीशी दिसली’ म्हणून घरातली एक चमचा पावडर वर घातलीत. पुडी एवढीशीच असते आणि तिला जागं करायला लिंबाचा रस लागतो. पाकिटात बदामाचं पीठ, थोडं नारळाचं पीठ, साबुदाण्याचं पीठ, गूळ पावडर, इसबगोल, दालचिनी आणि जायफळ आहे. मैद्यात ग्लुटेन असतं, त्याची जाळी फुगलेला केक धरून ठेवते. यात ती जाळीच नाही. केक उभा राहतो तो अंड्यातल्या प्रथिनांवर, आणि ती साधारण 60-65 अंशांपासून घट्ट व्हायला लागतात. त्याआधीच जास्तीच्या पावडरीने मिश्रण भराभर फुगलं तर ते धरायला आत काही नसतं, मग मधला भाग खाली येतो. आणखी एक. बाजारातल्या बहुतेक बेकिंग पावडरमध्ये मक्याचं स्टार्च असतं. मका धान्यच. सोडा आणि लिंबू आम्ही त्यासाठीच ठेवलेत.

करपण्याचं कारण सोपं आहे. तुम्ही 180 अंशांवर ठेवलात, पाकिटावर 160 लिहिलं आहे. बदामाचं पीठ मैद्यापेक्षा लवकर लाल होतं. घरच्या ओटीजीची बटणं फारशी विश्वासू नसतात, तेव्हा अर्ध्या वेळानंतर वरून फॉइल झाकलेलं बरं. आणि गरम कापू नका. हा केक भांड्यातच पूर्ण गार व्हावा लागतो, दुसऱ्या दिवशी तर आणखी चांगला कापला जातो.

अंड्यांबद्दल. हिरवा ठिपका पाकिटाच्या आत जे आहे त्याचा, आणि आत अंडं नाही. ज्या पदार्थात अंडं असतं त्याला आपल्याकडे तपकिरी खूण लागते. ‘सोबत 4 अंडी लागतील’ हे पाकिटाच्या पुढच्याच बाजूला, नावाखाली छापलं आहे. बिनअंड्याचा प्रकार आम्ही जवस भिजवून करून पाहिला. चवीला छान, पण गाजराची बर्फी झाली, आणि बर्फीला केक म्हणून विकायचं नाही असं ठरवलं. जाता जाता, एकादशीला चालेल का असं विचारणाऱ्यांसाठी: अंडी आहेत, चालणार नाही.

किमतीबद्दल फार बोलत नाही. पाकिटात निम्म्याहून जास्त बदाम आहे, आणि बदामाचा भाव तुम्हाला वाण्याकडे कळतोच.

उघडलेल्या पाकिटाचे पैसे आम्ही परत देत नाही, तुमच्यासाठीही तो नियम बदलणार नाही. पुन्हा करून बघायचं असेल तर पुढचं पाकीट निम्म्या किमतीत पाठवते. पाकिटावरच्या नंबरावर सकाळी 11 ते 5 मी स्वतः असते. गाजर किसायला घेण्याआधी फोन करा, केक ओव्हनमध्ये गेल्यावर मला काही करता येत नाही.