ट्रेलर का डुलला: तुमच्या एका ताऱ्याला मालकाचं उत्तर

नमस्कार,

अभिप्राय शनिवारी रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या वाचनात राग आला होता आणि रागाने लिहिलेलं उत्तर धंद्याला महागात पडतं. मधले दोन दिवस ट्रेलरपाशीच घालवले.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. या कुटुंबाने आमचा हलका कॅम्पिंग ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायची, चौघांच्या मुक्कामाची चाकांवरची खोली) चार दिवस भाड्याने नेला. त्यांची तक्रार अशी: ताशी ९० च्या वेगात शेजारून ट्रक गेला आणि ट्रेलर सापासारखा वळवळायला लागला, मुलं घाबरून रडली. पेट्रोल जवळजवळ दुप्पट लागलं. ६२० किलो म्हणून दिलेला ट्रेलर वजनकाट्यावर ८९० भरला. आम्हाला फोन केला तर "हळू चालवा" म्हणून आमच्या माणसाने फोन ठेवला. शेवटचं वाक्य, "ट्रेलरच सदोष आहे, कोणी घेऊ नका."

फोनचं आधी मिटवतो. चूक आमची. मुलगा नवा आहे, पण ही सबब तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसाचा फोन असा ठेवायचा नसतो.

वजनाबद्दलही तुमचं बरोबर आहे. ६२० हा कोऱ्या ट्रेलरचा आकडा. त्यात बॅटरी, गॅसची टाकी, फ्रिज, बाजूचं छत काहीच धरलेलं नाही. ते सगळं बसवून ट्रेलर आमच्या आवारातून निघतो तेव्हा ६८५ असतो, आणि आम्ही मोठ्या अक्षरांत ६२० छापत होतो. बहुतेक विक्रेते तसंच छापतात, पण म्हणून ते बरोबर होत नाही. या ट्रेलरची भरलेल्या वजनाची मर्यादा ९०० आहे. म्हणजे सामानासाठी उरले २१५. तुमचं सामान त्याच्या आत होतं, जेमतेम का होईना. "हलका आहे ना?" असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. "आत किती भरता येईल?" असं विचारणारा वर्षातून एखादाच भेटतो, आणि खरा प्रश्न तोच आहे.

आता डुलण्याचं. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

परतीच्या फॉर्मवर आमच्या माणसाने दोन ओळी लिहिल्या होत्या: "मागे रॅकवर चार सायकली. पाण्याची टाकी भरलेली." त्या वाचल्या आणि अर्धं उत्तर मिळालं. रविवारी तोच ट्रेलर सपाट जागी उभा केला, चाकांना अडण लावली, टाकी काठोकाठ भरली आणि मागच्या रॅकवर सायकलींच्या वजनाची वाळूची पोती बांधली. मग कपलरखाली, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याच्या गाडीला जोडायच्या टोकाखाली, विटा रचल्या, त्यावर घरातला वजनकाटा, काट्यावर लाकडाचा ठोकळा, आणि दांडा हिचच्या (गाडीमागच्या जोडाच्या) उंचीवर येईल असा टेकवला. काटा १४ किलो दाखवत होता.

आमच्याकडून निघताना याच जागी ७२ होते.

हिशेब तरफेचा आहे. आमच्या ट्रेलरमध्ये ॲक्सल (चाकांचा आस) ते कपलर अंतर ३ मीटर. रॅक धरून सायकली ५८ किलो, ॲक्सलच्या २.१ मीटर मागे. म्हणजे पुढचा भार ४० किलोंनी उचलला गेला. टाकी ७० लिटरची, म्हणजे ७० किलो, ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे. तिने आणखी १९ कमी केले. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. हे तेच आहे, फक्त हिचवरच्या गोळ्याने (बॉलने) कपलर धरून ठेवलेलं असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. युरोपात हिचवरचा भार साधारण ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५. तुमचा दीड टक्का होता. असा ट्रेलर शांत हवेत सरळ चालतो, म्हणून पहिले दोन तास काही जाणवलं नसणार. ट्रकच्या हवेचा एक धक्का मात्र पुरतो.

ट्रेलर सदोष नव्हता, भरला चुकीचा होता. पण चुकीचा का भरला गेला? रॅक आम्ही दिलं. टाकी मुक्कामी पोहोचल्यावर भरा, हे आम्ही सांगितलं नाही. म्हणून तुमच्या तक्रारीतला "सदोष" हा शब्द मी ट्रेलरवरून उचलून आमच्या ताबा देण्याच्या पद्धतीवर ठेवतो.

तुम्ही लिहिलंत की ट्रेलर वळवळल्यावर जोरात ब्रेक दाबला. कोणीही दाबेल. पण आमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच ते लागतात. ट्रेलर तिरका असताना जोरात ब्रेक मारला तर तो रेटा गाडीच्या मागच्या अंगाला तिरकाच बसतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. उलटसुलट वळवून "सावरायला" जायचं नाही. वेग वाढवून ट्रेलर ओढून सरळ करा, असा सल्ला तुमच्या अभिप्रायाखाली एकाने दिला आहे; कृपा करून तो कोणी ऐकू नका. दुसऱ्याने मोठी गाडी घ्या म्हटलंय. जड गाडी जास्त स्थिर राहते हे खरं, पण मागे उलाळ झालेला ट्रेलर तिलाही हलवतो.

पेट्रोलचं कारण वेगळं. सपाट रस्त्यावर वजनापेक्षा ट्रेलरचं तोंड जास्त पेट्रोल पितं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. तुम्ही उंच, पक्क्या भिंतींचा ट्रेलर निवडलात. घडीचं छत असलेला प्रवासात बसका होतो आणि कमी पितो, पण त्याचं कापड ओलं घडी करून ठेवलं की बुरशी धरतं. पावसाळी दिवसांत लहान मुलांसोबत मीही उंचच घेतला असता.

काय बदललं ते सांगतो. मागचं सायकल रॅक काढून टाकलं. सायकली गाडीच्या टपावर न्यायच्या. टाकीच्या तोंडाशी सूचना चिकटवली आहे. जाहिरातीत आता ६८५ आणि ९०० हे दोनच आकडे आहेत. ताबा देताना गाडीचं पुस्तक उघडून ओढण्याची मर्यादा आणि हिचवरच्या भाराची मर्यादा दोन्ही बघितल्या जातील, कारण हिचवरचा भार गाडीच्या स्वतःच्या वहनक्षमतेतूनही वजा होतो आणि मागच्या सीटवर दोन मुलं, डिकीत सामान असताना ती लवकर संपते.

चारही दिवसांचं भाडं आज परत पाठवलं आहे. अभिप्राय काढा असं म्हणणार नाही. पुन्हा कधी न्यायचा असेल तर तासभर आधी या, सामान मी स्वतः लावून देतो.

आणि कोपऱ्यांचे जॅक फिरवायचा हँडल आमच्याकडे परत आलेला नाही. बहुधा तुमच्या डिकीत राहिलाय. घाई नाही, पण फेकू नका.